जुळ्यांच्या जीनचा नर घेण्याआधी

भाऊ, दख्खनी मेंढ्यांच्या कळपात फेकबी जीन, म्हणजे मेंढीला जुळी व्हायला लावणारा आनुवंशिक गुण, आणायचा विचार चांगला आहे. हा जीन सुंदरबनच्या गारोल मेंढीतला. फलटणच्या निंबकर संस्थेने तो दख्खनीत उतरवून 'सुवर्णा' तयार केली.

नर घेताना तपासणीचा कागद बघाच. "याच्या आईला जुळी झाली" एवढं ऐकून मी एकदा फसलो. नराकडं बघून जीन कळत नाही, डीएनए तपासणीच लागते. जीनच्या आईकडून एक, बापाकडून एक अशा दोन प्रती असू शकतात. एक प्रत असलेला नर सरासरी निम्म्या पिल्लांना जीन देतो, दोन प्रतींचा सगळ्यांना. अन् अंगापिंडानं मरतुकडा नर नुसत्या जीनसाठी घेऊ नका.

मादीत एकच प्रत पुरे. दोन झाल्या की तिळी वाढतात, दूध मात्र तेवढंच. म्हणून या नराच्या लेकींवर तोच नर सोडू नका, दुसऱ्या कळपातला साधा दख्खनी आणा.

खरी परीक्षा वाड्यात. बीडकडच्या थंडीत पहाटे मेंढी व्याली की धाकटं कोकरू आचळापर्यंत पोचतच नाही, मोठं ढुशा मारून पिऊन घेतं. धाकट्याला पुसून आधी चीक पाजा. माझी पहिल्या वर्षी चार अशीच गेली. गाभणीला शेवटचा दीड महिना नुसत्या कडब्यावर ठेवू नका, थोडी पेंड द्या.

बाकीचं पहिलं वेत झाल्यावर बोलू.