ग्रास कटरच्या प्लगचे आटे गेलेत, सिलिंडर बदलावाच लागतो का?

नाही लागत, बुश (आतून नवीन आटे असलेली धातूची नळी) मारून घ्या. पण कसा मारताय त्यावर सगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही लिहिलंय की गुहागरजवळ काजूची बाग आहे, टू स्ट्रोक मशीन आहे, प्लग कितीही आवळला तरी नुसता फिरतो आणि परवा चालू मशीनमधून फट्कन उडून बाहेर आला, आता एक मेकॅनिक म्हणतो सिलिंडर बदला आणि दुसरा म्हणतो एमसील लावून बसवून देतो. त्यातल्या दुसऱ्याला आधी थांबवा. प्लगची अर्थिंग आट्यांमधूनच सिलिंडरला जाते आणि प्लगची उष्णताही बरीचशी त्याच वाटेने बाहेर पडते, मधे पुट्टी भरली की दोन्ही वाटा अडतात, वर ती गरम होऊन मऊ पडणार आणि प्लग परत उडणार, ह्या वेळी कदाचित गड्याच्या दिशेने. टेफ्लॉन टेपचंही तेच, नळाला ठीक आहे.

माझंही असंच झालेलं. देवगडकडे आमची कलमं आहेत, गणपतीच्या आधी बेणणीला, म्हणजे बागेतलं गवत कापायला, मशीन काढलं, आदल्या हंगामापासून मांगरात (बागेतल्या खोपटात) पडून होतं आणि मांगरापासून समुद्र हाकेवर. प्लग हलेना. मी शहाणा, पान्यावर पाइप चढवला आणि जोर लावला, आधी कर्र असा आवाज आला, मग एकदम लोण्यासारखं मऊ लागायला लागलं, तेव्हाच कळायला हवं होतं. प्लग बाहेर आला तो अंगावर ॲल्युमिनियमची छान चमकदार स्प्रिंग गुंडाळून. ते म्हणजे माझे आटे. घरी मात्र आठवडाभर गड्यावर खापर फोडलं, तो बिचारा मशीनजवळ नव्हताच.

आपल्याकडे हे जास्त होतं त्याला कारण आहे. प्लग स्टीलचा, सिलिंडर ॲल्युमिनियमचा, मधे खाऱ्या हवेचा दमटपणा, की ॲल्युमिनियम गंजतं आणि आट्यांत पांढरी भुकटी धरते, ती प्लगला सिमेंटसारखी पकडते. आउटबोर्ड इंजिनवाले मच्छीमार 1 जूनला मासेमारीची बंदी लागायच्या आत प्लग काढून, तेल सोडून, परत बसवून ठेवतात, आम्ही बागायतदार मशीन तसंच कोपऱ्यात टाकतो आणि पुढच्या हंगामात पाइप शोधतो.

आता काम. आधी प्लगवरचा नंबर बघा. असल्या मशीनला बहुतेक 14 मिलीमीटरचा, 1.25 पिचचा (म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर सव्वा मिलीमीटर) आणि साडेनऊ मिलीमीटर लांब आट्यांचा प्लग असतो (बीपीएमआर 7 ए वगैरे). साडेनऊ म्हणजे जेमतेम सात आटे हो, त्यातले दोन गेले तरी फरक पडतो. म्हणून दुकानातून "लांब आट्यांचा घ्या, आतले आटे पकडेल" असं सांगून 19 मिलीमीटरवाला कुणी दिला तर घेऊ नका, आत पिस्टनला भिडेल, मग सिलिंडर खरंच बदलावा लागेल. उलट काही वरचेच एकदोन आटे चेपले असतील आणि खालचे चांगले असतील तर नुसता 14 बाय सव्वाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) ग्रीस लावून हाताने फिरवला तरी भागतं, टॅप नसेल तर जुन्या प्लगच्या आट्यांना हॅक्सॉने उभ्या दोनतीन खाचा मारा, तोच टॅपचं काम करतो. पण तुमचा उडून बाहेर आलाय म्हणजे तुम्ही त्याच्या पुढे गेलात.

सगळे आटे गेले की दोन रस्ते. एक कॉइल, म्हणजे स्प्रिंगसारखी तार, मोठा टॅप मारून आत बसवायची. चांगली असते, पण प्लग वरचेवर काढणाऱ्याला मी ती सांगत नाही, कधी कधी प्लगबरोबर तीच फिरून बाहेर येते. दुसरा रस्ता बुश, बाहेरून 16 चे आटे आणि आतून 14 चे, भरीव. तयार किट मिळतं, त्यातल्या टॅपचं पुढचं टोक 14 चं आणि मागचं 16 चं असतं, त्यामुळे तो जुन्या भोकाच्या अंदाजाने सरळ उतरतो, आणि सरळ उतरणं हीच ह्या कामातली खरी मेख आहे, वाकडा गेला की प्लगचा वॉशर एका बाजूलाच टेकणार आणि तिथून कायम फुसफुसणार. किट नसेल तर लेथवाला बुश टर्न करून देतो. तो पितळेचा करू म्हणेल, त्याला टर्न करायला सोपा. चालतो, पण खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम स्टीलशेजारी गंजतं त्यापेक्षा पितळेशेजारी जास्त गंजतं, म्हणून मी साध्या स्टीलचा करून घेतला.

सगळ्यात महत्त्वाचं, सिलिंडर खाली उतरवा. असल्या टू स्ट्रोक मशीनला हेड बहुतेक वेगळं नसतं, सगळं एकाच ओतीवात, पण बुडाचे बोल्ट काढले की अख्खा सिलिंडर हातात येतो, खालचं पॅकिंग तेवढं नवीन लागतं. अर्ध्या तासाचं काम टाळायला लोक मशीनवरच टॅप मारतात आणि कीस आत पडतो. फोर स्ट्रोकमध्ये तो निदान पिस्टनच्या डोक्यावर तरी राहतो, टू स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली असला तर पोर्टमधून (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांतून) सरळ खालच्या क्रँककेसमध्ये, बेअरिंगमध्ये. उतरवणं अगदीच जमत नसेल तर पिस्टन पोर्ट झाकतील एवढा वर आणा, पण टॅपला लागणार नाही एवढी जागा ठेवा, टॅपच्या खाचांत ग्रीस थापा, अर्धा फेरा पुढे पाव फेरा मागे, आणि दर दोन फेऱ्यांनी काढून पुसा. तरी मी उतरवाच म्हणेन.

मी सिलिंडर पिशवीत घालून लेथवाल्याकडे नेला तर तो बघून म्हणाला, "आदी कित्याक इलंस नाय?" (आधी का नाही आलास?) कारण मधल्या काळात मी एकदा कापूस गुंडाळून प्लग बसवायचा प्रयत्न केलेला आणि उरलेसुरले आटेही घालवलेले. 300 रुपये घेतले, वर चहाही त्यानेच पाजला.

बुश बसवताना दोन गोष्टी बघायच्या. खालून तो आत डोकावता कामा नये, बाहेर आलेली कड तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं. वरून तो सपाट बसला पाहिजे, उंच राहिला तर प्लग तेवढा आखूड पडतो. बाहेरच्या आट्यांना थ्रेडलॉकर (आटे सुटू न देणारा गोंद) लावतात, पण साधा नको, तो दीडशे डिग्रीच्या आसपास सोडून देतो, जास्त तापमानाचा मागा, आणि पूर्ण दिवसभर सुकू द्या. लेथवाला वरच्या कडेला पंचाने दोनतीन ठोके देतो, ते देऊ द्या. मग सिलिंडर साबणाच्या पाण्याने धुवा, सुकवा, आत तेलाचा हात फिरवा आणि बसवा.

नवीन प्लग कधीही पान्याने सुरू करू नका. जुन्या पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवा आणि त्याने फिरवत खाली न्या, आटा चुकला तर पाइप नुसता सरकतो, आटे वाचतात. वॉशर टेकला की मग पाना, नवीन प्लगला अर्धा फेरा, फार तर अर्ध्याहून थोडा जास्त, आणि तोच प्लग परत बसवत असाल तर टेकल्यावर नुसता चिमूटभर. आट्यांना कॉपर ग्रीस लावावं का, तर एनजीके (प्लग बनवणारी कंपनी) नको म्हणते, कारण घसरण वाढून आपण गरजेपेक्षा जास्त आवळतो. मी तरी समुद्राजवळ असल्यामुळे अगदी पुसटसं लावतो आणि हात हलका ठेवतो, तुम्ही तुमचं ठरवा.

अर्गॉन वेल्डिंगने भोक बुजवून नवीन पाडणं हाही एक मार्ग कुणीतरी सुचवेल. हेड वेगळं असलेल्या पंपाच्या इंजिनाला ठीक, तुमच्या एकसंध सिलिंडरला मी नाही करणार, आतल्या लेपाला धोका. त्यापेक्षा कोल्हापूरला कुणी जात असेल तर उद्यमनगरात सिलिंडरचा भाव विचारायला सांगा, बुश आणि पॅकिंगच्या खर्चाच्या जवळपास नवीन मिळत असेल तर पहिल्या मेकॅनिकचंच ऐका.

चालू केल्यावर पाचेक मिनिटांनी बंद करा, प्लगच्या बुडाशी साबणाचा फेस लावा आणि दोरी हळू ओढा. बुडबुडे आले तर वॉशर नीट टेकलेला नाही, नाही आले तर काजूखाली शिरा.