समुद्रकाकडीच्या अळ्या आणि शैवालाचं माप
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : मी कोकणात कोळंबीच्या हॅचरीत कीटोसेरॉस हे सूक्ष्म शैवाल वाढवायचो. आता परदेशात सँडफिश या समुद्रकाकडीच्या हॅचरीत रुजू झालो आहे. दुसऱ्या दिवसापासून खाद्य सुरू करा, एवढंच इथे सांगितलं जातं. नेमकं किती घालायचं आणि मोजायचं कसं?

उत्तर : सँडफिश, म्हणजे होलोथुरिया स्कॅब्रा, फलनानंतर दोनेक दिवसांत ऑरिक्युलेरिया या अळीच्या अवस्थेत येते आणि खायला लागते. पहिलं खाद्य तेव्हाच द्या. आधी घातलेलं शैवाल तळाशी बसून कुजतं. मिलिलिटरला 20,000 पेशींपासून सुरुवात करा आणि अळ्या वाढतील तसं आठ-दहा दिवसांत 40,000 पर्यंत न्या. दिवसाचं खाद्य सकाळ-संध्याकाळ वाटून द्या. हे आकडे टाकीच्या पाण्यात असायला हव्या त्या घनतेचे आहेत, रोज ओतायच्या शैवालाचे नाहीत. नवीन माणसाचं बहुतेक वेळा इथेच चुकतं. काल उरलेलं न मोजता आज पुन्हा 20,000 घातले, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी तपकिरी होतं आणि सिलिएट हे एकपेशीय जीव वळवळायला लागतात.

मोजणी दोन ठिकाणी करायची. एक, कारबॉयमधली, म्हणजे शैवाल वाढवायच्या मोठ्या बाटलीतली. त्यासाठी हीमोसायटोमीटर, म्हणजे पेशी मोजायची चौकटी आखलेली काच, पुरतो. नमुन्यात लुगॉल आयोडीनचा थेंब टाका, नाहीतर आयसोक्रायसिससारखं शैवाल पोहत राहतं आणि मोजताच येत नाही. मधल्या एक चौरस मिलिमीटरच्या चौकटीतल्या पेशी मोजून 10,000 ने गुणा. 300 पेशी दिसल्या, तर मिलिलिटरला 30 लाख.

दोन, टाकीत उरलेल्या शैवालाची. इथे हीमोसायटोमीटर चालत नाही, कारण मिलिलिटरला 5,000 पेशी असल्या तर त्या चौकटीत सरासरी अर्धीच पेशी येईल. 80 मायक्रॉनच्या जाळीतून अळ्या बाजूला काढा आणि ते पाणी सेजविक-राफ्टर या चौकोन आखलेल्या मोजणीच्या कक्षात घ्या. त्याचा प्रत्येक चौकोन एक मायक्रोलिटरचा असतो, म्हणजे सरासरी पाच पेशी दिसतील. वीस-तीस चौकोन मोजले की भरवशाचा आकडा मिळतो.

आता हिशेब. टाकी 1,000 लिटरची, मिलिलिटरला पेशी हव्यात 20,000, उरल्यात 5,000, म्हणजे 15,000 कमी आहेत. 15,000 गुणिले 10 लाख मिलिलिटर, भागिले कारबॉयमधली घनता, 30 लाख. उत्तर 5,000 मिलिलिटर, म्हणजे 5 लिटर. तेच कल्चर, म्हणजे कारबॉयमध्ये वाढवलेलं शैवाल, पातळ असेल, मिलिलिटरला 5 लाखांचं, तर 30 लिटर ओतावं लागेल. मग पेशींबरोबर न वापरलेलं नायट्रेट-फॉस्फेट आणि कारबॉयमधले जिवाणूही टाकीत जातात. म्हणून पातळ कल्चर जास्त ओतून वेळ भागवू नका. ते अजून वाढू द्या, नाहीतर दुसरा कारबॉय घ्या.

प्रश्न : नुसतं कीटोसेरॉस दिलं तर चालेल का? की मिश्रण लागतंच?

उत्तर : एकच द्यायचं असेल तर कीटोसेरॉस मुलेरी द्या. सँडफिशच्या अळ्यांना ते चांगलं मानवतं. आमचा कल कीटोसेरॉस मुख्य ठेवून जोडीला आयसोक्रायसिस देण्याकडे आहे. एका कल्चरने दगा दिला, तरी टाकी उपाशी राहत नाही. टेट्रासेल्मिस या शैवालाच्या पेशी मोठ्या असतात, त्या पहिल्या दिवसांत देऊ नका.

कीटोसेरॉस हा डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच असलेलं शैवाल आहे, त्याला कवचासाठी सिलिकेट लागतं. एफ/2 या शैवाल वाढवायच्या पोषक माध्यमात सोडियम सिलिकेट घालायचं राहिलं, तर आयसोक्रायसिस बिनघोर वाढतं आणि शेजारचं कीटोसेरॉस मात्र जागच्या जागी थांबतं. अशा वेळी लोक दिवे बदलत बसतात, आधी सिलिकेटची बाटली बघावी. कल्चर जोमात वाढत असतानाच काढा. गुठळ्या झालेलं, तळाला बसणारं जुनं कल्चर संख्येने भरपूर दिसलं तरी अळ्यांना देऊ नका.

प्रश्न : मोजमाप बरोबर आहे, तरी अळ्या खाताहेत की नाही हे कसं ओळखायचं?

उत्तर : रोज सकाळचं खाद्य देण्याआधी वीस-तीस अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. अळी काचेसारखी पारदर्शक असते, त्यामुळे जठर थेट दिसतं. ते गोल, फुगीर आणि सोनेरी-तपकिरी असेल आणि आत पेशी फिरताना दिसत असतील, तर ठीक चाललं आहे. जठर रिकामं आणि आक्रसलेलं असेल, पण पाण्यात शैवाल भरपूर असेल, तर खाद्य वाढवू नका. दोष पाण्याचा, तापमानाचा किंवा जुन्या कल्चरचा असतो. पाणी बदला, तळ सायफनने साफ करा आणि अळ्यांची दाटी बघा. मिलिलिटरला एकाहून जास्त अळ्या ठेवू नयेत, अर्ध्याच्या आसपास बऱ्या.

ऑरिक्युलेरिया मिलिमीटरभर झाली की शरीराच्या कडेच्या घड्यांच्या टोकांशी चकचकीत गोल मणी दिसू लागतात. त्यांना हायलाइन गोलक म्हणतात. रूपांतराच्या काळात लागणारा साठा त्यांत असतो. दहाव्या दिवसाच्या आसपास बऱ्याच अळ्यांत ते दिसत नसतील, तर आधीच्या आठवड्यात खाणं कमी पडलं असण्याची शक्यता मोठी.

प्रश्न : बाटलीतलं घट्ट शैवाल वापरून कल्चर खोलीचा खर्च वाचेल का?

उत्तर : वाचू शकतो. पापुआ न्यू गिनीत अशा शैवालावर मोठ्या टाक्यांत सँडफिश वाढवल्याचं 2018 साली प्रसिद्ध झालं आहे. पण या पेशी मेलेल्या असतात, त्या खाली बसतात आणि सडतात. थोड्या गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात नीट घुसळून गुठळ्या मोडा, कमी-कमी करून अधिक वेळा द्या आणि एअर स्टोनचे बुडबुडे मंद पण अखंड ठेवा. बाटली फ्रिजमध्येच ठेवा.

प्रश्न : सिंधुदुर्गात अशी हॅचरी काढता येईल का?

उत्तर : व्यवसाय म्हणून नाही. 2001 साली समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आल्या, तेव्हापासून त्या पकडणं आणि विकणं गुन्हा आहे. तुतिकोरिनच्या सीएमएफआरआय या सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात 1988 मध्येच सँडफिशचं प्रेरित प्रजनन साधलं होतं, पण ते संशोधन होतं. शैवाल वाढवण्याचं हेच कसब कोळंबी आणि कालवांच्या हॅचरीत मात्र पुरेपूर उपयोगी पडतं.

प्रश्न : डोलिओलेरिया खात नाही म्हणतात. मग शैवाल कधी थांबवायचं?

उत्तर : डोलिओलेरिया, म्हणजे ऑरिक्युलेरियानंतरची अवस्था, खरंच खात नाही. ती आक्रसून पिंपाच्या आकाराची होते. पण सगळ्या टाकीचं रूपांतर एका दिवशी होत नाही, मागे पडलेल्या ऑरिक्युलेरिया खातच असतात. म्हणून खाद्य एकदम तोडू नका. डोलिओलेरियाचं प्रमाण वाढेल तसं निम्मं करा, मग पाव. तोपर्यंत अळ्यांना चिकटून बसण्यासाठीच्या प्लेटा तयार हव्यात. त्यांवर नॅव्हिक्युला-निट्झशिया या डायटमांचा पातळ थर चढायला काही दिवस लागतात, म्हणून त्या अळ्या आठवड्याच्या होण्याआधीच डायटमच्या पाण्यात ठेवा. व्हिएतनामच्या पद्धतीप्रमाणे स्पिरुलिनाची पूड पाण्यात कालवून प्लेटांवर लावून सुकवली, तरी चालतं. थर जाड झाला तर तो सुटून तळाशी पडतो. प्लेट उजेडात धरल्यावर पलीकडचं बोट दिसेल इतका तो पातळ ठेवा.