‘मॅडम, डिग्री सोडू का?’

मी समुपदेशक. बारावीचा निकाल लागला की पुढचे दोन-तीन महिने माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक फोनांत तीच काळजी असते. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कुठला घ्यायचा, तो चुकला तर काय, आणि हल्ली डिग्रीला विचारतं कोण, अनुभवच बघतात ना? अशाच एका मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा सांगलीचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. वडील एसटीत कंडक्टर. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर एका करसल्लागाराच्या ऑफिसात काम: टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी, हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांचे जीएसटी रिटर्न.

“कॉलेजात शिकवतात ते मी रोज करतो. मग आणखी दीड वर्ष कशाला घालवू?”

“घरातला पहिला पदवीधर होणार होता हो,” सोबत आलेली आई म्हणाली आणि गप्प बसली.

इथे डिग्रीचे फायदे मोजून दाखवायचा मोह होतो. पण मी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या वळणाची. आधी ऐकायचं, सल्ला नंतर. मी विचारलं, “ऑफिसातला कुठला दिवस सगळ्यात आवडतो?”

“वीस तारीख,” तो लगेच म्हणाला. थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं दरमहाचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख. “सगळे शेठ मला फोन करतात. सरांना नाही, मला.”

“आणि कॉलेजात?”

बराच वेळ तो काही बोलला नाही. मीही बोलले नाही. असल्या शांततेत घाईने शब्द भरायचे नसतात, हे मला चांगलं जमतं. मग म्हणाला, “कॉलेजात मी गेलो नाही तरी कुणाला कळत नाही.”

आमचं सगळं काम या एका वाक्यावर फिरलं. हा मुलगा पदवी आणि अनुभव यांची तुलना करतच नव्हता. एका जागी त्याला मान होता, दुसऱ्या जागी तो कुणी नव्हता, आणि जिथे आपण कुणी नाही तिथून त्याला निघायचं होतं. अभ्यासक्रम कालबाह्य आहे वगैरे कारणं नंतर जोडलेली. ही गोष्ट त्याने स्वतःच्या तोंडाने उच्चारल्यावर आवाजातली धार गेली. आई त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहत होती.

मग मी विचारलं, पुढे काय हवंय? “स्वतःचं ऑफिस. बाहेर माझी पाटी.” जीएसटी प्रॅक्टिशनर, म्हणजे दुसऱ्यांची रिटर्न भरून देणारा नोंदणीकृत माणूस, व्हायला काय लागतं ते शोधून आण, म्हटलं. पुढच्या भेटीत हसतच आला. वाणिज्य, कायदा अशा ठरावीक शाखांची पदवी लागते, वर परीक्षा. “शेठ मला ओळखतात मॅडम, पोर्टल ओळखत नाही.”

माझं सगळ्यांनाच सांगणं असतं की आधी हव्या त्या कामाची पात्रता वाचा. सीए, वकिली, नर्सिंग इथे कागदाशिवाय आत शिरता येत नाही. सीएला तर वाणिज्य पदवीत 55 टक्के असतील तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट पुढच्या इंटरमीजिएटला जाता येतं, म्हणजे गुणांनाही किंमत आहे. राज्यसेवेला पदवी हवीच, पण बहुतेक पदांना ती कुठल्याही शाखेची चालते. तिथे मेजरपायी झोप उडवू नका. व्हिडिओ एडिटिंग, डिझाइन, विक्री यांत मात्र केलेलं काम आधी बघतात. मेजर निवडताना त्या विषयाचा कंटाळवाणा भाग आपल्याला झेपेल का, एवढं तपासा. आवडता भाग सगळ्यांनाच झेपतो. नोकरी सोडणं परवडत नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक-दोन वर्षांनी प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडता येतं, पण ती सोय अडचणीसाठी आहे, रुसून निघायला नाही.

या मुलाने दोन्ही चालू ठेवलं. नव्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट्स असतात, म्हणून ऑफिसचं काम त्यात धरता येईल का हे विचारायला तो विभागप्रमुखांकडे गेला. त्यांनी करसल्लागारांचं पत्र मागितलं आणि वर पहिल्या वर्षाच्या मुलांना रिटर्न भरून दाखवशील का, असंही विचारलं. आता तिथेही त्याला नावाने ओळखतात.

आईचा परवा फोन आला होता. धाकटीला सायन्सला घालू की आर्ट्सला? धाकटी सातवीत आहे. म्हटलं, ताई, तिला जरा खेळू द्या.