पहिला प्रश्न : आधी राज कुणाचं होतं?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. शाळांच्या कामासाठी दोन वर्षं अमरेली जिल्ह्यात, तेही धारीच्या बाजूला राहायला मिळणार, हे वाचून मला फार आनंद झाला. चाळीस वर्षं मी त्या मुलखात जातो आहे. बडोद्याच्या मराठी घरात वाढलो असलो, तरी मनाने मी अर्धा तिथलाच.

जिल्ह्याची थोडक्यात माहिती मागितली आहेस. अकरा तालुके, २०११ च्या जनगणनेत पंधरा लाखांवर वस्ती, कापूस, भुईमूग, तीळ, शेत्रुंजी नदी, एका अंगाला गीर आणि एका अंगाला समुद्र. एवढं तुला कुठेही मिळेल. मी एकच गोष्ट सांगतो. गावात पाय ठेवलास की शाळेचा पट विचारण्याआधी एखाद्या म्हाताऱ्या माणसाजवळ बस आणि विचार, "पहेलां कयुं राज हतुं?" आधी राज कुणाचं होतं?

आजचा जिल्हा नकाशावर एकसंध दिसतो. पण अमरेली, धारी, दामनगर, खांभा हा मुलूख बडोद्याच्या गायकवाडांचा. सावरकुंडला, लिलिया, राजुला भावनगरचे. लाठी हे गोहिलांचं वेगळं संस्थान. बाबरा-बगसऱ्याकडे काठी दरबार, म्हणजे काठी जमातीचे छोटे जमीनदार-राजे. आणि जाफराबाद बंदर कुणाचं, तर आपल्या मुरूडसमोरच्या जंजिऱ्याच्या सिद्दीचं! शेजारशेजारच्या दोन गावांत एकेकाळी दोन राज्यांचे कायदे चालत.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नकोस. राजपुतांत गादी थोरल्याकडे जाई, काठ्यांत मात्र सगळ्या भावांना सारखा वाटा. त्यामुळे काठी दरबारांची जमीन पिढीगणिक तुकड्या-तुकड्यांची होत गेली. १९४८ साली दोनशेवर लहानमोठी संस्थानं मिळून सौराष्ट्र राज्य झालं आणि १९५१ मध्ये तिथे गिरासदारी, म्हणजे दरबारांची जमीनदारी, संपवणारे कायदे आले. पण बडोदा संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं होतं. म्हणजे चारी बाजूंनी सौराष्ट्र आणि मधे मुंबई राज्याचा अमरेली जिल्हा, असा प्रकार १९५६ पर्यंत चालला. एका गावाचा कागद राजकोटला जाई, पलीकडच्या गावाचा मुंबईला. शाळा कुठे आधी आली, जमीन कसणाऱ्याच्या नावावर कधी चढली, हे त्या बांधावर ठरलेलं असे. मी स्वतः सुरुवातीला हे न विचारताच कागद शोधायला लागलो होतो. एका गावाचे जुने कागद तीन महिने बडोद्याच्या दप्तरात शोधले. ते गाव कधी गायकवाडी नव्हतंच.

आता जरा नाजूक गोष्ट. तू मराठी आहेस, हे पहिल्याच दिवशी कळेल आणि लोक प्रेमाने बडोद्याच्या महाराजांचं, सयाजीराव गायकवाडांचं नाव काढतील. त्या प्रेमाने हुरळून जाऊ नकोस. सयाजीरावांच्याही आधी त्या मुलखाने मराठ्यांची मुलुखगिरी पाहिली आहे. पावसाळा सरला, पिकं उभी राहिली, की फौज खंडणी गोळा करायला यायची. खंडणी न देणाऱ्याच्या उभ्या शेतात घोडे शिरत. १८०७ साली ईस्ट इंडिया कंपनीचा कर्नल वॉकर गायकवाडी फौजेबरोबर गेला आणि त्याने प्रत्येक संस्थानिकाची रक्कम ठरवून दिली. चारण-भाट जामीन राहिले. १८२० पासून वसुली इंग्रजांमार्फत होऊ लागली आणि फौजेचं येणं थांबलं.

१९८६ च्या दुष्काळात धारीजवळच्या एका काठी गावात मी एका वृद्ध दरबारांकडे बसलो होतो. ऐंशी ओलांडलेले, दाढी छातीपर्यंत. बशीतून चहा पिताना मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, आमच्या गायकवाडांनी इथे शाळा काढल्या. ते काही बोलले नाहीत. चहा संपवला, काठी घेतली आणि मला गावाबाहेर नेलं. एक मोकळं माळरान होतं, कडेला आटलेली विहीर. "अहीं फोज ऊतरती," ते म्हणाले. इथे फौज उतरायची. त्यांच्या आजोबांनी त्यांना ती जागा दाखवली होती. मला खाली मान घालावी लागली. परत येताना मात्र वाटेत थांबले आणि आपणहून म्हणाले, "मारी बा गायकवाडी गामनी, एटले एने वांचतां आवडतुं." माझी आई गायकवाडी गावची, म्हणून तिला वाचता येत होतं. त्यांच्या गावात तेव्हा वाचता येणारी ती एकटीच बाई. बाहेरगावाहून येणारी सगळ्यांची पत्रं तीच वाचून दाखवायची.

आई कोणत्या सालात शाळेत गेली असेल, याचा हिशेब मी रात्री केला. १८९३! त्या वर्षी सयाजीरावांनी अमरेली तालुक्यातल्या दहा गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलगे सात ते बारा वर्षांचे, मुली सात ते दहा वर्षांच्या. मूल शाळेत आलं नाही तर आई-बापांना दंड. दंड घेणं सोपं नव्हतं. पोर गुरांमागे गेलं नाही तर गुरं कोण राखणार? तरी प्रयोग टिकला, साऱ्या तालुक्यात पसरला आणि १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानाला लागू झाला. १९११ साली गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा दाखला दिला तो बडोद्याचाच. विधेयक नामंजूर झालं, ती वेगळी व्यथा. नाशिक जिल्ह्यातल्या कौळाण्याच्या एका शेतकरी घरातून दत्तक गेलेल्या मुलाने राजधानी सोडून त्या आडबाजूच्या तालुक्यापासून सुरुवात केली, याचं मला आजही अप्रूप वाटतं. तुझं काम शाळांचं आहे, म्हणून हे सविस्तर लिहिलं. फौजेचं माळरान आणि आईचं वाचन, दोन्ही त्या म्हाताऱ्याने एकाच दुपारी मला दिलं. तूही दोन्ही घे.

अमरेलीतच १८८७ साली एका गरीब घरात जीवराज मेहता जन्मले. पुढे ते मुंबईच्या केईएमचे अधिष्ठाता झाले आणि १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. केईएमच्या पायऱ्या चढणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक असतं?

कचेरीत तुला फार अडचण येणार नाही. तिथेही कलेक्टर, प्रांत, सातबारा आहेतच. आपण ज्याला तहसीलदार म्हणतो तो तिथे अजून मामलतदार. मात्र आपल्याकडे तलाठी आणि ग्रामसेवक वेगळे, तर तिथे बहुतेक गावांत तलाटी-कम-मंत्री हा एकच माणूस पंचायतीचंही पाहतो. त्याच्याशी गोडीत राहा. आणि मापं सांभाळ. तिथला वीघा सोळा गुंठ्यांचा, म्हणजे एका एकरात अडीच वीघे. गुजरातच्या इतर भागांत तो मोठा असतो. भाव मणावर सांगतात आणि मण वीस किलोचा. ही दोन मापं चुकली की शेतकऱ्याची मिळकत काढताना तुझा सगळा हिशेब चुकेल.

पट तपासताना एक लक्षात ठेव. या जिल्ह्यातली कितीतरी घरं हिऱ्यांच्या कामासाठी सुरतेला गेली आहेत. सुरतेच्या वराछा भागात जाशील तर काठियावाडी बोलीच कानावर पडेल. म्हणून नाव गळलं की लगेच 'शाळा सोडली' असं लिहू नकोस. मूल सुरतेच्या शाळेत असू शकतं. दिवाळीत गावं भरतात, तेव्हा फिर. सगळे भेटतील.

धारीला वनखात्याचं गीर पूर्व विभागाचं ठाणं आहे, पण सिंह जंगलात राहत नाहीत फक्त. लिलिया-राजुल्यापर्यंत शेताशेतांतून फिरतात. २०२५ च्या गणनेत साऱ्या सौराष्ट्रात मिळून ८९१ भरले. लोक त्याला 'सावज' म्हणतात, बोलीत 'स'चा 'ह' होऊन 'हावज'. आपल्या मराठीत सावज म्हणजे शिकार आणि तिकडे सावज म्हणजे खुद्द शिकारी. शब्द एकच, श्वापदापासून आलेला. रात्रीची वीज आली की शेतकरी बॅटरी घेऊन पाणी द्यायला जातात आणि कपाशीच्या ओळीत डोळे चमकतात. लोक ते शांतपणे सांगतात, म्हणून त्यांना भीती नाही असं समजू नकोस. दिवसा वीज द्या, हे त्यांचं मागणं किती खरं आहे, ते एक रात्र शेतावर काढलीस तर कळेल. एकटीने मात्र जाऊ नकोस.

जाफराबादला थंडीत जा. किनाऱ्यावर दोऱ्यांवर बोंबील वाळत असतात. ते त्याला 'बूमला' म्हणतात. आपल्या कोळीवाड्यातल्या वलांड्या आठवतील, वासही तोच.

पाकिटात मोडीचा एक तक्ता घातला आहे. बडोद्याचं जुनं दप्तर वाचायचं तर तो लागेल. रोज अर्धा तास गिरव. पहिला महिना संपला की मला पत्र टाक. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल, पण ज्या गावांना जाऊन आलीस त्यांची नावं लिही आणि प्रत्येकापुढे त्याचं जुनं राज. जिथे दोन म्हाताऱ्यांनी दोन वेगळी उत्तरं दिली असतील, तिथे दोन्ही लिही.

तुझा,
काका