कोल्हापूर महापालिकेत खरा अधिकार कोणाचा: महापौर, स्थायी सभापती की आयुक्त?

तुम्ही विचारलंय, कोल्हापुरात नवीन राहायला आलोय, गल्लीतलं गटार सारखं तुंबतं, शेजारी म्हणतात महापौरांनाच भेटा. तर महापौर, स्थायी समिती सभापती, नगरसेवक आणि आयुक्त यांत चालतं कोणाचं?

गटारासाठी महापौरांकडे जाऊ नका. ते मदत करतील, पण त्यांना फोन करावा लागेल तो प्रशासनालाच. मुंबई सोडून महाराष्ट्रातल्या महापालिका १९४९ च्या अधिनियमावर चालतात आणि त्यात अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांना दिलाय. आयुक्त राज्य सरकार नेमतं, त्यांना आपण निवडून देत नाही. कामाच्या आदेशावर, बांधकाम परवानगीवर, घरफाळ्याच्या नोटिशीवर सही होते ती आयुक्तांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची.

मग महापौर कशाला? महासभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा, तेच चालवतात. कुठला विषय आधी, कोणाला बोलू द्यायचं, मतं समान पडली तर निर्णायक मत, हे सगळं त्यांच्याकडे. महासभेच्या गॅलरीत बसून मी पाहिलंय, खंबीर महापौर असला की पाण्याच्या प्रश्नावर जल अभियंत्याला उभं राहून उत्तर द्यावंच लागतं. मला हे काम फार मोलाचं वाटतं. म्हणूनच आपल्याकडची एक रीत मला मनापासून खटकते. महापौरपदाची मुदत कायद्यानं अडीच वर्षांची, पण इच्छुक जास्त म्हणून ती महिन्यांच्या हिशेबानं वाटायची. २०१५ ते २०२० या एकाच सभागृहात शहरानं सहाहून अधिक महापौर पाहिले. फाईल कुठं अडते हे कळेपर्यंत राजीनाम्याची तारीख येते. अशा वेळी शहर चालवतात ते पडद्यामागचे ‘कारभारी’. हा शब्द तुम्हाला इथल्या चहाच्या गाड्यावर रोज ऐकू येईल.

पैशाचा विषय असेल तर स्थायी समितीकडे बघा. सोळा सदस्य, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात, सभापतीही वर्षासाठीच. मोठ्या निविदा इथं मंजूर होतात. आयुक्त अंदाजपत्रक आधी स्थायीला देतात, स्थायी त्यात दुरुस्त्या करून महासभेपुढं ठेवते. तुमच्या गल्लीत नवी ड्रेनेज लाईन हवी असेल, तर तिची तरतूद याच टप्प्यावर व्हायला हवी. एप्रिल उजाडल्यावर धावपळ करून उपयोग नाही. के.एम.टी. बससाठी परिवहन समिती वेगळी आहे.

सभागृहाच्या हातात शेवटचं हत्यारही आहे. एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश मतांनी आयुक्तांविरुद्ध ठराव झाला, तर सरकारला त्यांना परत बोलवावं लागतं. आपल्या ८१ जणांच्या सभागृहात म्हणजे ५१ मतं. उलट बाजूनं, महासभेचा ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटला तर सरकार तो विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. आणि हद्दवाढीसारखा विषय तर शेवटी मुंबईतच ठरतो. १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली, पण शहराची हद्द तेव्हा होती तिथंच राहिली.

नोव्हेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपली आणि नंतर पाच वर्षं महासभेचे आणि स्थायीचे अधिकार प्रशासकाकडे होते. त्या काळात ठराव व्हायचे, पण त्यावर उठून प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं. मतदान झालं ते थेट जानेवारी २०२६ मध्ये.

या निवडणुकीनं एक गोष्ट बदलली, ती तुमच्या कामाची आहे. पूर्वी एका प्रभागाला एक नगरसेवक होता. आता २० प्रभाग आहेत आणि बहुतेक ठिकाणी चार-चार नगरसेवक. प्रत्येकाला वाटू शकतं, दुसरा बघेल. म्हणून तोंडी सांगू नका. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी चार विभागीय कार्यालयं आहेत. तुमचा भाग ज्याच्याकडे येतो तिथं लेखी अर्ज द्या, पोहोच घ्या, आणि त्या पोहोचेची झेरॉक्स चारही नगरसेवकांना द्या. नुसता गाळ काढायचा असेल तर त्या भागाचा आरोग्य निरीक्षक आणि मुकादम गाठा, ते काम तिथंच होतं. पाईपच लहान पडत असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा, म्हणजे नगरसेवकाला अंदाजपत्रकाच्या वेळी तो कागद हातात धरून बोलता येईल.