ध्वनिमुद्रण की ध्वनिमुद्रिका?

प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या मेम्फिसच्या ‘सन’ या छोट्या स्वतंत्र लेबलच्या (ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या व्यापारी नावाच्या) सुरुवातीच्या रिदम अँड ब्लूज संगीतावर मराठीत लिहायचं, तर ‘रेकॉर्डिंग’ला ध्वनिमुद्रण म्हणावं की ध्वनिमुद्रिका? दोन्ही एकच नव्हेत का? आणि ‘लेबल’ला सरळ ‘कंपनी’ म्हटलं तर चालेल का?

एकच नव्हेत. ध्वनिमुद्रण म्हणजे गाणं टिपण्याची क्रिया आणि तिच्यातून हाती आलेला आवाज. ध्वनिमुद्रिका ही वस्तू आहे, दुकानात विकली जाणारी तबकडी. मोठ्या कंपन्यांबद्दल लिहिताना हे शब्द अदलाबदलीने वापरले तरी एरवी खपून जातं, कारण दोन्ही कामं एकाच छपराखाली होत. इथे मात्र घोटाळा होतो. सॅम फिलिप्सने जानेवारी १९५० मध्ये युनियन ॲव्हेन्यूवर ‘मेम्फिस रेकॉर्डिंग सर्व्हिस’ नावाचा स्टुडिओ थाटला, पण ‘सन’ हे त्याचं लेबल सुरू झालं १९५२ मध्ये. मधल्या काळात तो गाणी मुद्रित करून शिकागोच्या ‘चेस’ किंवा लॉस एंजेलिसच्या ‘मॉडर्न’ या कंपन्यांना द्यायचा. मार्च १९५१ मधलं ‘रॉकेट ८८’ हे त्यातलंच. ध्वनिमुद्रण फिलिप्सचं, ध्वनिमुद्रिका चेसची, क्रमांक १४५८. त्याला ‘सनची गाजलेली ध्वनिमुद्रिका’ म्हणणं साफ चूक आहे, कारण तेव्हा सन जन्मालाच आलं नव्हतं.

शंका आली तर कानाने तपासावं. ‘रॉकेट ८८’मध्ये गिटारचा आवाज घोगरा, फाटल्यासारखा येतो. ॲम्प्लिफायर बिघडला होता आणि त्याच्या स्पीकरमध्ये कागद कोंबून काम भागवलं होतं. हा घोगरेपणा ध्वनिमुद्रणातला आहे, त्यामुळे कुठलीही प्रत लावा, तो ऐकू येणारच. सुई फिरताना होणारी खरखर मात्र हातातल्या ध्वनिमुद्रिकेची. दुसरी चांगली प्रत लावली की ती जाते.

उलट उदाहरणही सनच्याच यादीत आहे. क्रमांक १७४ जॅकी बॉय आणि लिटल वॉल्टर यांच्या नावे ठेवला होता. गाणी मुद्रित झाली, ऐकवण्यापुरत्या ॲसिटेट प्रती (थेट कोरलेल्या नमुना-चकत्या) निघाल्या, पण तबकडी बाजारात आलीच नाही. विक्रीला आलेली पहिली १७५, जॉनी लंडनची. म्हणजे १७४चं ध्वनिमुद्रण आहे, ध्वनिमुद्रिका नाही. ‘रेकॉर्डिंग’ हा एकच शब्द सगळीकडे ठेवला, तर हा फरक वाचकापर्यंत पोचत नाही.

‘ध्वनिमुद्रिका’ हा शब्दही जरा निरखून पाहावा. मुद्रिका म्हणजे अंगठी, त्यातही ठसा उमटवणारी. काटेकोर पाहिलं तर ठसा उमटवतो तो कारखान्यातला धातूचा साचा, आणि तबकडी हा उमटलेला ठसा. पण शब्द रुळला आहे, अर्थाबद्दल गोंधळ नाही, तेव्हा बदलायचं कारण नाही. ‘तबकडी’ तर मला फार आवडतो : तबक, म्हणजे पानाचं किंवा आरतीचं ताट, त्याचं हे धाकटं रूप.

भाषांतरात हमखास चुकते ती ‘लाख’. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या शेलॅकच्या, म्हणजे खरोखरच लाखेच्या मिश्रणाच्या, त्यात खनिज पूडही भरपूर. ॲसिटेट मात्र ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर दिलेली असते. ‘लॅकर’ शब्दाचं मूळही लाखेतच, पण या थरात लाख नसते. तो इतका मऊ की काही वेळा वाजवला की झिजतो. म्हणून लाखेची तबकडी दाबून काढतात आणि ॲसिटेटवर खाच कोरतात. पण इंग्रजीतल्या ‘कट’वरून ‘गाणं कापलं’ असं मराठीत कुणी म्हणत नाही. ‘मुद्रित केलं’ लिहावं, आणि यंत्राचंच वर्णन असेल तिथे ‘कोरलं’.

‘साइड’चंही तसंच. ‘त्या दिवशी चार साइड्स झाल्या’ याचा अर्थ चार गाणी मुद्रित झाली, म्हणजे दोन तबकड्यांचा ऐवज. ‘चार बाजू मुद्रित केल्या’ वाचून अर्थबोध होत नाही. तबकडी हातात असेल तेव्हाच ‘बाजू’ म्हणावं.

आता ‘लेबल’. मूळ अर्थ तबकडीच्या मधोमध चिकटवलेला गोल कागद. सनचा पिवळा, त्यावर सूर्यकिरणं आणि कोंबडा. त्यावरून व्यापारी नावालाच लेबल म्हणू लागले. ‘कंपनी’ हा प्रतिशब्द पुरत नाही, कारण एका कंपनीची अनेक लेबलं असतात : मॉडर्नवाल्यांचं आरपीएम होतं, चेसवाल्यांचं चेकर. तेव्हा व्यापारी नावाला ‘लेबल’ राहू द्यावं, मालकी किंवा करार सांगायचा असेल तिथे ‘कंपनी’ म्हणावं, आणि खुद्द त्या कागदाला ‘मधला कागद’ म्हटलं तरी पुरे.