औषधांना दाद न देणारे जीवाणू अधिक जहाल असतात का, आणि ते तग कसे धरतात?

वडिलांच्या लघवीच्या कल्चर रिपोर्टमध्ये ‘क्लेबसिएला न्युमोनिए’ आढळला असून बहुतेक औषधांपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा) लिहिलेले आहे, तेव्हा हा जीवाणू अधिक जहाल आहे का आणि एवढ्या औषधांतून तो टिकतो कसा, असे आपण विचारले आहे. मी ठाण्यातील एका निदान प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्राचे काम करते. ठाणे, कळवा आणि नवी मुंबईतील अतिदक्षता विभागांतून येणाऱ्या नमुन्यांत असे रिपोर्ट आता मुळीच दुर्मीळ राहिलेले नाहीत.

आजार घडवण्याची ताकद आणि औषध निष्प्रभ करण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लेबसिएलाभोवती शर्करेचे जाड कवच असते, त्यामुळे पांढऱ्या पेशींना तो सहजी गिळता येत नाही. वाढीसाठी लागणारे लोह तो खास रेणू सोडून आपल्याच शरीरातून ओढून घेतो. आणि रक्तात पोहोचल्यावर त्याच्या बाह्यपटलातील घटकांमुळे शरीराची प्रतिक्रिया इतकी तीव्र होऊ शकते की रक्तदाब कोसळतो. हे सारे औषधांनी सहज मरणारा क्लेबसिएलाही करतो. प्रतिरोधी जीवाणूमुळे धोका वाढतो तो मुख्यतः वेळेमुळे, कारण कल्चरचा निकाल हाती येईपर्यंतचे दोन-तीन दिवस अंदाजाने दिलेले औषध निरुपयोगी ठरते आणि जीवाणू वाढतच राहतो. मात्र ही दोन्ही सामर्थ्ये एकत्र येऊ शकतात. चीनमधील हांगझोऊ येथे 2016 साली एका अतिदक्षता विभागात कवच-लोहाच्या बाबतीत अतिजहाल आणि कार्बापेनेम या राखीव, प्रभावी प्रतिजैविकांनाही न जुमानणाऱ्या क्लेबसिएलाने पाच रुग्ण दगावले. ही घटना मला आजही अस्वस्थ करते.

प्रतिरोधाचे मार्ग अनेक आहेत. ‘एनडीएम’ हे जीवाणूचे विकर (एन्झाइम) मेरोपेनेमसारख्या कार्बापेनेम औषधाचा रेणूच तोडते, आणि त्याचे जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यावर असल्याने ते एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जाते. काही जीवाणू बाह्यपटलातील छिद्रे कमी करतात, तर काही आत शिरलेले औषध पंपाने बाहेर फेकतात. हे पंप आतड्यातील पित्तक्षारांसारखे त्रासदायक पदार्थही बाहेर टाकतात, म्हणजे शरीरात तग धरण्याची जुनी सोयच औषधाविरुद्ध कामी येते.

आपल्या प्रश्नाचा ‘टिकतो कसा’ हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. औषधामुळे डीएनएला इजा झाली की जीवाणूची ‘एसओएस’ यंत्रणा जागी होते. ती दुरुस्ती करते, पण त्यासाठी चुका करणारी विकरेही वापरते, त्यामुळे उत्परिवर्तने वाढतात. अन्न तुटले की एक छोटा संदेशरेणू वाढ थांबवून सारी शक्ती तग धरण्याकडे वळवतो. वाढ थांबलेल्या अशा मोजक्या पेशींवर बहुतेक प्रतिजैविकांचा परिणाम फारसा होत नाही, कारण ती औषधे वाढीच्या क्रियांवरच घाव घालतात. पेनिसिलिनमधून वाचलेल्या अशा पेशींचे वर्णन जीवाणूशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी 1944 सालीच केले होते. त्या प्रतिरोधी नसतात, त्यांची संतती त्याच औषधाने मरते. म्हणून रिपोर्टमध्ये ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध लागू पडते) असूनही संसर्ग कधी कधी उलटतो. त्यातच कॅथेटरच्या नळीवर जीवाणू एकत्र चिकटून बायोफिल्म नावाचा चिकट थर तयार करतात, जिच्या आतल्या थरांत प्राणवायू व अन्न कमी असल्याने अशा सुस्त पेशी भरपूर असतात.

म्हणून वडिलांना कॅथेटर असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा की ताप किंवा संसर्गाची इतर लक्षणे आहेत का. लक्षणे नसताना कॅथेटरच्या लघवीत नुसता जीवाणू सापडला, तर सहसा प्रतिजैविक देत नाहीत. केमिस्टकडून स्वतःहून तर मुळीच आणू नका. लक्षणे असतील आणि नळी बरेच दिवस आत असेल, तर ती काढता येते का, किंवा बदलून नव्या नळीतून नमुना घेतला होता का, हेही विचारा. जुन्या नळीतून घेतलेल्या लघवीत मूत्राशयातल्या जीवाणूंबरोबर त्या नळीवरच्या बायोफिल्ममधले जीवाणूही येतात आणि रिपोर्टमधला ‘आर’ नेमका कोणाचा, हे आम्हाला प्रयोगशाळेत सांगता येत नाही.